आबांचा पीएसए ७.२ आलाय, बायोप्सी करायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वडील ६७ वर्षांचे. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, ते अजून रोज बागेत जातात. गेल्या महिन्यात गावातल्या आरोग्य शिबिरात रक्त तपासलं, त्यात पीएसए ७.२ निघाला. कागदावर '० ते ४' छापलंय आणि आकड्याखाली रेघ ओढलीय. त्याआधी दहा-बारा दिवस आबांना उन्हाळी लागली होती, थंडीताप येऊन गेला, गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवस गोळ्या दिल्या. रात्री तीनदा लघवीला उठतात. प्रोस्टेटसाठी दीड वर्षापासून रोज रात्री एक गोळी चालू आहे, पाकिटावर टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड लिहिलंय. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५८ ग्रॅम आहे. एका डॉक्टरांनी लगेच बायोप्सी सांगितली. दुसरे म्हणाले, वयाप्रमाणे वाढतो, सोडून द्या. आबा म्हणतात, सुई लावली की आजार पसरतो, मी करून घेणार नाही. काय करावं?"

आबांची बायोप्सी, म्हणजे कॅन्सर आहे का ते पाहायला सुईने प्रोस्टेटचा बारीक तुकडा काढणं, या आठवड्यात करू नका. आणि हा कागद कपाटात टाकून विसरूही नका.

दोन्ही डॉक्टरांच्या बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे. पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी बहुधा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. एक म्हणजे रक्त काढायच्या आधी आबांना उन्हाळी लागून ताप आला होता. दुसरी म्हणजे ते दीड वर्ष ड्युटास्टेराइड घेतायत. पहिल्या गोष्टीमुळे ७.२ हा आकडा उगाच फुगलेला असू शकतो. दुसरीमुळे तो खऱ्यापेक्षा निम्मा दिसत असू शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी घडल्या असतील, तर त्या आकड्यावरून हो किंवा नाही ठरवताच येत नाही. मी मिरजेत सत्तावीस वर्षं मूत्ररोगाचं काम करतोय, आणि प्रोस्टेटच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका याच ठिकाणी होताना पाहिल्या आहेत. आकडा सगळे वाचतात, तो कुठल्या परिस्थितीत आला हे कुणी विचारत नाही.

पीएसए म्हणजे नक्की काय, ते आबांनाही कळेल असं सांगतो. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, तरुणपणी साधारण २० ग्रॅमची. वीर्य पातळ ठेवणारं एक प्रथिन ती तयार करते, तेच पीएसए. ते जवळजवळ सगळं वीर्यात जातं, अगदी बारीक अंश रक्तात झिरपतो. पाटाचा बांध धड असेल तर शेजारच्या रानात ओलावा तेवढा दिसतो. बांधाला चिरा पडल्या की पाणी वाहायला लागतं. चिरा कशाने पडल्या हे मात्र त्या पाण्यावरून कळत नाही. कॅन्सरने पडतात, जंतुसंसर्गाने पडतात, लघवीची नळी घातल्याने पडतात. आणि ग्रंथीच मोठी झाली तर मुळात पाणीच जास्त येतं. म्हणून हा प्रोस्टेटचा निर्देशक आहे, कॅन्सरचा नाही. हा फरक समजला की निम्मी भीती तिथेच ओसरते.

आता उन्हाळीबद्दल. लघवीला जळजळ आणि सोबत थंडी वाजून ताप, हे पुरुषाच्या बाबतीत नुसत्या मूत्राशयाचं दुखणं सहसा नसतं. प्रोस्टेटलाही सूज येते. अशा वेळी पीएसए १०, २०, कधी ५० च्या वरही जाताना मी पाहिलाय, आणि औषध पूर्ण झाल्यावर तोच २ वर उतरतानाही पाहिलाय. उतरायला वेळ लागतो. रक्तातला पीएसए निम्मा व्हायला दोन-तीन दिवस पुरतात, पण सूज ओसरायला आठवडे लागतात. म्हणून संसर्गानंतर किमान सहा ते आठ आठवडे थांबून मगच पीएसए पुन्हा करावा. लघवी तुंबून नळी घातली असेल तरी हाच नियम. ताप गेल्यावर दहा-बारा दिवसांत झालेल्या तपासणीवर कुणाच्या शरीरात सुई घालू नये, असं माझं ठाम मत आहे. शिबिरात रांगेने रक्त काढताना "मागच्या महिन्यात लघवीचा त्रास झाला का?" एवढा एक प्रश्न विचारला, तरी कितीतरी घरांची झोप वाचेल.

आणि पाच दिवसांच्या गोळ्या कमी पडल्या असण्याचीही शक्यता आहे. प्रोस्टेटमध्ये औषध सहजासहजी शिरत नाही, त्यामुळे पुरुषाला तापासह संसर्ग झाला तर प्रतिजैविकं बहुधा दोन आठवडे किंवा जास्तच द्यावी लागतात. म्हणून आधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर करून घ्या. त्यात जंतू निघाले तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग पीएसए.

आता त्या रात्रीच्या गोळीकडे येऊ. टॅमसुलोसिन मूत्रमार्गाचा ताण सैल करतं, त्याचा पीएसएवर परिणाम होत नाही. ड्युटास्टेराइड वेगळं आहे. ते ग्रंथीला खतपाणी घालणारं संप्रेरक रोखतं, ग्रंथी हळूहळू आकसते आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्मा होतो. फिनास्टेराइडचंही तसंच. म्हणून हे औषध सहा महिन्यांपेक्षा जास्त चालू असेल तर कागदावरच्या आकड्याला दोनाने गुणून वाचायचं. आबांच्या ७.२ चा अर्थ मग १४.४ च्या आसपास होतो. प्रयोगशाळेला ही गोळी माहीत नसते. त्यांच्या कागदावर ३.५ आलं की ते '० ते ४' मध्ये बसतं, कुणी रेघ ओढत नाही, माणूस समाधानाने घरी जातो. प्रत्यक्षात तो ७ असतो. मला खरी काळजी या लोकांची वाटते, कारण लाल रेघ असलेला माणूस निदान विचारायला तरी येतो.

या गोळीवरच्या माणसात आणखी एक गोष्ट पाहायची. गोळी सुरू करण्यापूर्वी पीएसए किती होता? सहा महिन्यांनी तो किती खाली आला? तिथून पुढे तो पुन्हा चढू लागला, तर आकडा ४ च्या खाली असला तरी त्याकडे गांभीर्याने पाहावं लागतं. म्हणून जुन्या फायली चाळा. दीड वर्षापूर्वी सोनोग्राफी झाली तेव्हा रक्तही तपासलं असण्याची शक्यता मोठी आहे. समजा तेव्हा ५ होता, तर आता गोळीखाली अडीचच्या आसपास असायला हवा होता. अशा माणसात ७.२ हा मोठा चढ ठरतो. तेव्हा १४ होता, तर ७.२ मध्ये नवल काहीच नाही, फक्त त्या १४ कडे तेव्हाच का पाहिलं नाही, हा प्रश्न उरतो. तो एक जुना कागद आज कुठल्याही नव्या तपासणीपेक्षा मोलाचा आहे. आणि गोळी मनाने बंद करू नका. बंद केल्याने आकडा लगेच 'खरा' होत नाही, त्याला महिने लागतात, आणि तेवढ्यात लघवी तुंबली तर नळी घालावी लागून सगळा हिशेब पुन्हा बिघडतो.

त्या '० ते ४' बद्दल थोडं. ही मर्यादा १९९० च्या सुमाराच्या अमेरिकी अभ्यासांतून रूढ झाली आणि तिथून जगभरच्या कागदांवर छापली गेली. ती काही निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ज्यांचा पीएसए सात वर्षं ४ किंवा त्याखाली राहिला आणि बोटाच्या तपासणीतही काही निघालं नाही, अशा जवळपास तीन हजार पुरुषांची बायोप्सी केली गेली. त्यांतल्या सुमारे १५ टक्क्यांत कॅन्सर निघाला. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर आपल्याकडे ४ ते १० मध्ये येणाऱ्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर नसतो. आपल्याकडचा माणूस बहुधा लघवीचा त्रास घेऊनच येतो, ग्रंथी मोठी असते, संसर्ग असतो, त्यामुळे पीएसए त्याच कारणांनी वाढलेला असतो. म्हणून पाश्चात्त्य तक्त्यातला टक्का जसाच्या तसा तासगावच्या माणसाला लावू नये. शिवाय 'वयाप्रमाणे वाढतो' हे खरं असलं तरी ते कारण सांगून सोडून देता येत नाही. वयाप्रमाणे वाढतो तो ग्रंथी वाढते म्हणून. मग ग्रंथी किती वाढली आणि त्या मानाने पीएसए किती, हे मोजता येतं.

ते मोजून पाहू. पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागलं की घनता मिळते. ०.१५ च्या वर गेली तर संशय वाढतो, ०.१० च्या खाली असेल तर बराच निवळतो. आबांचं ७.२ भागिले ५८ केलं तर ०.१२ येतं, म्हणजे ना इकडे ना तिकडे. पण गोळीचा हिशेब धरून १४.४ ला ५८ ने भागलं तर ०.२५. आता गोळीने ग्रंथीही आकसते, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. म्हणजे गोळीपूर्वी ती ७५ च्या आसपास असावी. त्याने भागलं तर ०.१९. एकाच माणसाचे तीन आकडे, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. शिवाय वरचा ७.२ तापातला आहे, म्हणजे भाज्यच भरवशाचा नाही. हे मुद्दाम मांडून दाखवलं, कारण कुणी तुम्हाला एकच गणित करून छातीठोक निर्णय दिला तर विचारा, गोळी धरली का, ताप धरला का. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आकार दहा-पंधरा ग्रॅम इकडे-तिकडे होऊ शकतो, हेही लक्षात ठेवा.

यानंतरची पायरी आपल्याकडे सर्रास गाळली जाते: बोटाने तपासणी. पेशंट लाजतो, डॉक्टर घाईत असतो, दोघंही म्हणतात सोनोग्राफी झालीय की. सोनोग्राफीत आकार कळतो, कडकपणा कळत नाही. तुम्ही मूठ आवळा आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग दाबून पाहा. निरोगी प्रोस्टेट तशी लागते. आता बोटाच्या पेरावरचं हाड दाबा; कॅन्सरची गाठ तशी लागते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आबा नको म्हणतील. माझ्याकडे आलेले एक काका म्हणाले होते, "डॉक्टर, ह्ये सोडून काय बी करा." त्यांना मी सांगितलं, काका, हे सोडून सगळं केलं तरी ते अर्धंच राहील. त्यांनी करू दिलं. डाव्या बाजूला हरभऱ्याएवढा कडक खडा हाताला लागला. पीएसए अवघा ३.१ होता. बायोप्सीत कॅन्सर निघाला, ग्रंथीतच होता, वेळेत उपचार झाले. निश्चित कडक गाठ हाताला लागली तर पीएसए कितीही असो, मी आकड्याची वाट पाहत बसत नाही.

आबांना अशी गाठ लागली नाही, तर मी पुढे असा जाईन. लघवी निर्जंतूक झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पीएसए पुन्हा, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, आणि यापुढेही तिथेच. वेगवेगळ्या यंत्रांच्या आकड्यांत वीस टक्क्यांपर्यंत फरक पडतो, म्हणून शिबिरातला ७.२ आणि सांगलीतल्या लॅबमधला ६ यांची तुलना करून 'उतरला' म्हणण्यात अर्थ नाही. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस शरीरसंबंध टाळायचा, लांबचा सायकल प्रवासही नको. हे आबांना मुलाने सांगणं अवघड जातं, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना सांगायला लावा. सोबत फ्री पीएसए, म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा पीएसए, करून घेता येईल. एकूण पीएसए ४ ते १० मध्ये असताना फ्रीचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर असलं तर कॅन्सरची शक्यता कमी, १० च्या खाली असलं तर बरीच जास्त. या प्रमाणावर ड्युटास्टेराइडचा फारसा परिणाम होत नाही, ही तुमच्या बाबतीत सोय आहे. मात्र हा नमुना नाजूक असतो. रक्त काढून तासन्‌तास बाटली गरम जीपमध्ये फिरली की फ्री पीएसए नासतो आणि प्रमाण खोटं कमी दिसतं. म्हणून ही चाचणी शिबिरात नको, लॅबमध्ये जाऊनच.

पुन्हा केलेला पीएसए २ च्या खाली उतरला, म्हणजे दुप्पट धरून ४ च्या आत, आणि बोटाला काही लागलं नाही, तर मी बायोप्सी सुचवणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहीन. ४-५ च्या वर राहिला, तर पुढची पायरी बायोप्सी नाही, एमआरआय आहे. मधला आला, तर घनता, फ्री पीएसए, जुने कागद आणि घरातला इतिहास एकत्र ठेवून तुमच्याशी बोलूनच ठरवीन. तिथे एकच बरोबर उत्तर नसतं.

एमआरआय आधी का, हे सांगायला हवं, कारण खर्च आहे आणि लोक विचारतात, "शेवटी तुकडा काढायचाच ना, मग आधीच काढा की." पूर्वी आम्ही तसंच करायचो. सोनोग्राफीच्या मदतीने ठरल्या जागांवरून बारा तुकडे घ्यायचे. म्हणजे पाऊस किती झाला हे पाहायला रानात बारा ठिकाणी खुरपं मारून बघावं, तसं. मधली जागा सुटायची. २०१८ साली ११ देशांतल्या ५०० पुरुषांवर झालेला प्रिसिजन नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांची जुन्या पद्धतीने सरळ बायोप्सी, निम्म्यांचा आधी एमआरआय, आणि त्यात संशयास्पद जागा दिसली तरच तिथून तुकडा. एमआरआयच्या गटात २८ टक्के पुरुषांना बायोप्सी करावीच लागली नाही. तरीही उपचार करण्याजोगा कॅन्सर त्याच गटात जास्त सापडला, ३८ टक्के विरुद्ध २६ टक्के. आणि ज्याला हात लावायची गरज नसते असा निरुपद्रवी कॅन्सर कमी सापडला, ९ विरुद्ध २२ टक्के. कमी सुया आणि जास्त नेमकं निदान. मी माझी पद्धत त्यानंतर बदलली.

एमआरआय बायोप्सीच्या आधीच व्हायला हवा; नंतर ग्रंथीत रक्त साकळतं आणि कित्येक आठवडे चित्र गढूळ येतं. चिठ्ठीवर 'मल्टिपॅरामेट्रिक प्रोस्टेट एमआरआय' असं स्पष्ट लिहून घ्या, नुसता 'ओटीपोटाचा एमआरआय' नको. पेसमेकर असेल तर आधी सांगा. रिपोर्टमध्ये १ ते ५ असा पाय-रॅड्‌स गुण असतो. १-२ म्हणजे संशय कमी, ४-५ म्हणजे बायोप्सी करा. ३ म्हणजे रेडिओलॉजिस्टलाही खात्री नाही. तिथे घनता जास्त असेल किंवा घरात कुणाला झालेला असेल तर मी बायोप्सीकडे झुकतो, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा पाहतो. १-२ आला तरी शंभरातल्या आठ-दहा जणांत महत्त्वाचा कॅन्सर नजरेतून सुटू शकतो. म्हणून घनता ०.२० च्या पुढे असेल तर एमआरआय स्वच्छ असूनही मी बायोप्सीचा विषय काढतो.

आपल्या भागासाठी एक वेगळी नोंद. एमआरआयमध्ये ५ गुण आले म्हणजे कॅन्सरच, असं धरू नका. क्षयरोगाने प्रोस्टेटमध्ये होणारी सूज एमआरआयमध्ये आणि बोटालाही हुबेहूब कॅन्सरसारखी भासते. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजीचं, म्हणजे टीबीच्या लशीचं, औषध आत सोडलेल्या पेशंटमध्येही तसंच होतं. दर वर्षी असे एक-दोन जण माझ्याकडे येतातच. घरात रडारड झालेली असते, आणि तुकड्याचा रिपोर्ट टीबीचा येतो. औषधाने माणूस बरा होतो. म्हणूनच तुकडा पाहिल्याशिवाय कॅन्सर हा शब्द मी तोंडातून काढत नाही.

आता आबांच्या सुईच्या भीतीकडे. तिला उडवून लावू नका. ती कुठून आली हे मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी हळदीच्या पेठेत हमाली केलेल्या एका काकांना घरच्यांनी बाजेवर घालून आणलं. चार महिने कंबर धरली होती, मालिश झालं, पट्टा झाला, आता पाय उचलत नव्हते. पीएसए ४०० च्या पुढे. कॅन्सर मणक्यात जाऊन मज्जारज्जू दाबत होता. आम्ही त्याच रात्री उपचार सुरू केले, बायोप्सी नंतर केली. ते पाच महिन्यांनी गेले. गावात काय पसरलं असेल? "सुई लावली आणि म्हातारा गेला." आजार सुईच्या आधी दोन-तीन वर्षं पसरलेला होता, पण लोकांना दिसली ती सुई. प्रोस्टेटच्या बायोप्सीने सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याच्या नोंदी जगात आहेत, पण इतक्या तुरळक की माझ्या सत्तावीस वर्षांत मी एकही पाहिली नाही. आबांना हे तुम्ही सांगू नका, डॉक्टरांना सांगू द्या. आणि समोर बसून, वेळ देऊन.

सुईचा खरा धोका वेगळाच आहे, आणि तो मी लपवणार नाही. तो संसर्गाचा. गुदद्वारातून बायोप्सी करताना सुई आतड्याच्या भिंतीतून जाते, तिथले जंतू ग्रंथीत आणि रक्तात जाऊ शकतात. आपल्याकडे प्रतिजैविकं इतकी सैल हाताने वापरली गेली आहेत की नेहमीच्या गोळ्यांना हे जंतू दाद देत नाहीत. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका ७८ वर्षांच्या निवृत्त गुरुजींची बायोप्सी केली. पीएसए ६, हृदयाचं दुखणं जुनं, मधुमेह. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, रक्तदाब खाली, सहा दिवस आयसीयूत. ते वाचले. बायोप्सीत कॅन्सर नव्हता. असता तरी त्या वयात, त्या हृदयासह, मी त्यावर काय करणार होतो, हा प्रश्न मी सुई हातात घेण्यापूर्वी स्वतःला विचारला नव्हता. गुरुजींच्या पत्नी सहा दिवस बाकावर बसून होत्या. तो बाक मी विसरलेलो नाही.

त्यानंतर मी प्रत्येकाच्या बाबतीत दोन गोष्टी आधी ठरवतो. पहिली, हा माणूस पुढची दहा वर्षं जगेल असं वाटतं का? वयाचा आकडा मी फार धरत नाही. विचारतो, रानात जाता का, जिना चढताना दम लागतो का, बाजार स्वतः आणता का. ७६ वर्षांचे खणखणीत शेतकरी असतात आणि ६२ वर्षांचे दोन बायपास झालेलेही असतात. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा सावकाश चालतो. आयुष्य दुसऱ्याच आजाराने मर्यादित झालेलं असेल आणि पीएसए थोडासाच वाढलेला असेल, तर तो शोधून काढण्यात माणसाचं भलं नसतं. तुमचे आबा ६७ चे, रोज बागेत जाणारे. त्यांच्यासाठी हे शोधण्यात अर्थ आहे. दुसरी गोष्ट, उत्तर काहीही आलं तरी त्यानुसार वागायची घरच्यांची तयारी आहे का. "कॅन्सर निघाला तरी आम्ही काहीच करणार नाही" असं ठरलेलंच असेल, तर सुई कशासाठी?

बायोप्सी ठरलीच तर शक्यतो पेरिनियममधून, म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार यांमधल्या त्वचेतून करवून घ्या. आतड्याला हात लागत नाही, संसर्ग बराच कमी. गुदद्वारातूनच करायची असेल तर आधी तिथल्या जंतूंचं कल्चर करून त्यानुसार प्रतिजैविक निवडावं. जागा बधिर करून अर्ध्या तासात काम होतं, बंदुकीसारखा खट्ट आवाज येतो, माणूस संध्याकाळी घरी जातो. एमआरआयवर दिसलेल्या जागेतून तीन-चार तुकडे आणि बाकी ग्रंथीतून नेहमीचे. लघवीतून चार-पाच दिवस लालसर पाणी येईल. वीर्यात महिनाभर किंवा जास्तही तपकिरी रक्त दिसू शकतं. ते आधी सांगितलं नसलं तर माणूस हादरतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि बायोप्सीनंतर पहिल्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजता असला तरी रुग्णालयात.

आबांना एक गोष्ट नक्की सांगा: बायोप्सी म्हणजे ऑपरेशनची तारीख नव्हे. कॅन्सर किती आक्रमक आहे हे ग्लीसन नावाच्या गुणावरून कळतं. ग्लीसन ६ असा रिपोर्ट आला, तर आज बहुतेकांना आम्ही नुसतं देखरेखीखाली ठेवतो. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय, गरज पडली तर पुन्हा तुकडा. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या पुरुषांचे तीन गट केले होते: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि देखरेख. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, निकाल आला तेव्हा तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेले शंभरात तीनच्या आसपास होते. ग्लीसन ७ पासून पुढे मात्र उपचारांचा विचार करावा लागतो, आणि ८ ते १० असेल तर वेळ घालवून चालत नाही. उपचाराची वेळ आलीच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा.

तुम्ही लिहिलं नाही, पण विचारतो. आबांच्या भावांपैकी किंवा वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता का? आणि त्यांच्या आई-बहिणींपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा? दुसरा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण बीआरसीए नावाचा जनुकदोष बायकांत तिथे आणि पुरुषांत प्रोस्टेटमध्ये उमटतो, आणि असा कॅन्सर आक्रमक असतो. उत्तर हो असेल तर वरच्या सगळ्या मर्यादा मी खाली आणीन, आणि आबांना कॅन्सर निघाला तर तुम्हीही पंचेचाळिशीपासून पीएसए करायला लागा.

तर आत्ता करायचं ते एवढंच: लघवीचं कल्चर, दीड वर्षापूर्वीची फाईल शोधणं, गोळी चालू ठेवणं आणि ताप गेल्यापासून आठ आठवडे मोजून कॅलेंडरवर खूण करणं. त्या दिवशी पीएसए, आणि त्याच आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञाकडून बोटाने तपासणी. जाताना गोळ्यांचं रिकामं पाकीट खिशात असू द्या, नाव तोंडी सांगू नका. या आठ आठवड्यांत पुन्हा ताप आला, लघवी अडली, लघवीत रक्त दिसलं, किंवा कंबर सतत दुखून पायात जोर कमी वाटू लागला, तर कॅलेंडर बाजूला ठेवायचं आणि आबांना त्याच दिवशी गाडीत बसवायचं.